सात वर्षांपूर्वीची वर्षे



आमच्या मक्तबमध्ये येणारा चार वर्षांचा एक मुलगा अचानक येईनासा झाला. चौकशी केली तेव्हा त्याची अम्मी संकोचाने म्हणाली, "मौलानासाहेब, तो घरी मक्तब-मक्तब खेळतो. उशीला समोर बसवतो आणि पट्टीने मारतो." मी त्याला कधीही मारले नव्हते. परंतु गोंगाट वाढला की हातातील पट्टी मी जमिनीवर आपटत असे. अलिफ-बे शिकण्याआधी त्या बालकाने माझ्याकडून पट्टी शिकून घेतली होती.

त्या रात्री मनात आलेला प्रश्न मी आज आपणांसमोर ठेवीत आहे. मुलांना नमाजचा आदेश देण्याचे वय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सात वर्षे सांगितले. मग त्याआधीची वर्षे कशासाठी आहेत?

उत्तर प्रेषितांच्या आचरणात सापडते. एकदा जमातीची नमाज पढवीत असता त्यांचा सजदा फारच लांबला. नमाजनंतर सहाबांनी कारण विचारले, तेव्हा कळले की नातू पाठीवर चढून बसला होता आणि त्याचे मन भरण्याआधी त्याला उतरविणे प्रेषितांना आवडले नाही. संपूर्ण जमात एका बालकाच्या खेळासाठी सजद्यात थांबली! आणि आपण? मशिदीत लहान मूल हसले तरी चार माना रागाने वळतात.

आदरणीय अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाने, अबू उमैर यांनी, एक लहानसा पक्षी पाळला होता. तो मेला तेव्हा दुःखी बालकाजवळ जाऊन प्रेषितांनी त्या पक्ष्याची विचारपूस केली, तीही मुलाच्या आणि पक्ष्याच्या नावांचे यमक जुळवून. भाषेचा विद्यार्थी म्हणून मला हे यमक फार मोलाचे वाटते. बालकाशी बालकाच्या भाषेत, त्याच्या आवडीच्या विषयावर बोलणे, हाच त्याचा पहिला धडा होय.

आशूराच्या रोज्याच्या दिवशी मदीनेतील माता लहानग्यांसाठी लोकरीची खेळणी करीत. मूल भुकेने रडू लागले की खेळणे त्याच्या हाती देत. इबादतीच्या दिवशीही घरात खेळण्याला स्थान होते.

आणखी एक प्रसंग. एका मातेने "ये, तुला काही देते" असे म्हणून मुलाला हाक मारली. प्रेषितांनी विचारले, काय देणार आहेस? ती म्हणाली, खजूर. तेव्हा प्रेषितांनी बजावले की काहीच दिले नसते, तर ते तुझ्या नावे असत्य म्हणून लिहिले गेले असते. आज मोबाइल काढून घेताना आपण किती खोटी आमिषे दाखवितो, याचा हिशेब प्रत्येकाने स्वतःशी करावा.

तेव्हा वाचकहो, घराचा एक कोपरा मुलासाठी राखा. त्याच्या हाताला पोहोचेल अशा फळीवर दोन-चार चित्रांची पुस्तके, डबे, ठोकळे ठेवा. झोपण्यापूर्वी नबींची एक गोष्ट आपल्या घरच्या भाषेत सांगा. नमाज पढताना त्याला शेजारी उभे राहू द्या. तो मध्येच पळाला तर हाक मारू नका. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी गावोगावी अंगणवाडी आहे. मुलाला तेथे नियमित पाठवा आणि सेविकाताईंकडे त्याची विचारपूस करीत जा. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे गरीब वस्तीतील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेली. मूल आपल्यापर्यंत येत नसेल तर आपण त्याच्यापर्यंत जावे, ही दृष्टी आपल्या मक्तबांनाही हवी आहे.

सुरह लुकमानमध्ये आदरणीय लुकमान मुलाला उपदेश करताना तीन वेळा मायेने हाक मारतात. आधी माया, मग उपदेश, हा क्रम आपण उलटा करून टाकला आहे.

मी पट्टी कपाटात ठेवून दिली. तो मुलगा काही दिवसांनी परत आला. अजून तो दाराजवळच बसतो. मीही माझी चटई दाराजवळ सरकवली आहे.

हे अल्लाह, आमच्या घरांना आमच्या लेकरांसाठी निर्भय कर आणि त्यांच्या मनात तुझ्या कलामाची ओढ निर्माण कर. आमीन.