दंडधराचा धर्म

आपल्या प्राचीन राजनीतिकारांनी दंडाची महती मुक्तकंठाने गाइली, परंतु ज्याच्या हाती तो दंड द्यावयाचा त्याच्याविषयी मात्र त्यांनी कायम संशय बाळगला. दंडावाचून मात्स्यन्याय माजेल असे सांगणारा मनूच, धर्मापासून ढळलेल्या राजाला तोच दंड आप्तस्वकीयांसह बुडवितो, असे लागलीच बजावतो. आणि कौटिल्य, जो कोणत्याही अर्थाने हळव्या मनाचा नव्हता, तोही तीक्ष्ण दंडाने प्रजा उद्विग्न होते, मृदू दंडाने राजाची अवज्ञा होते, म्हणून दंड यथार्ह असावा, असाच निर्णय देतो. तेव्हा दंगल उसळली असता राज्यकर्त्याने पोलिसांच्या पाठीशी उभे राहावे, हे जरी निर्विवाद मानले, तरी त्या उभे राहण्याला मर्यादा कोणती, हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न मुंबईपुढे २१ नोव्हेंबर १९५५ रोजी उभा राहिला. संयुक्त महाराष्ट्रासाठी फ्लोरा फाउंटनपाशी लोटलेल्या जनसमुदायावर लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला, अखेर गोळीबार झाला आणि पंधरा माणसे प्राणास मुकली. पुढे १९५६ च्या जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा होताच शहर पेटले. दगडफेक, जाळपोळ आणि पुन्हा गोळ्या. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई, अहिंसेचे निष्ठावंत उपासक! ते पोलिसांच्या पाठीशी ठाम उभे राहिले, आणि त्यांच्या त्या उभे राहण्याला सरसकट दोष देणे मला प्रशस्त वाटत नाही. पिवळ्या टोपीचा, निळ्या गणवेशातला तो शिपाई कोकणातून किंवा घाटावरून पोटासाठी आलेला, चाळीत राहणारा. समोरचा गिरणी कामगार पुष्कळदा त्याच्याच मुलखाचा. मुंबई कोणाची हे त्याला कोणी विचारले नव्हते. त्याला फक्त हुकूम होता, आणि समोरून येणारा दगड होता. अशा माणसाला सरकारने वाऱ्यावर सोडले असते, तर तो अधर्मच ठरला असता.

परंतु हुकूम देणाऱ्याचे काय? १९२१ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या युवराजांच्या आगमनप्रसंगी याच मुंबईत दंगे झाले, तेव्हा गांधीजींनी उपोषण आरंभिले. चौरीचौऱ्यास जमावाने पोलीस जाळले, तेव्हा त्यांनी असहकाराची चळवळच आवरती घेतली आणि पुन्हा उपोषण केले. आपल्या अनुयायांचे पातक त्यांनी स्वतःच्या माथी घेतले. अर्थात त्यांच्या हाती राज्य नव्हते, आणि राज्यकर्त्याने उपवास केल्याने दगड थांबत नाहीत, हेही खरे. मोरारजींनी तोही प्रयोग करून पाहिला. १९५६ च्या ऑगस्टात महागुजरातच्या मागणीवरून अहमदाबादेत गोळीबार झाला, तेव्हा त्यांनी तेथे उपोषण केले. पण ते रस्त्यावरील हिंसेविरुद्ध, आणि लोकांनी ‘जनता कर्फ्यू’ पाळून त्यांच्या सभेकडे पाठ फिरविली. प्रजेच्या दोषासाठी अन्न सोडणाऱ्या या पुरुषाला सरकारी बंदुकीचा हिशेबही तितक्याच कठोरपणे मागता आला असता, असे मनात आल्याखेरीज राहत नाही.

तो हिशेब मागितला चिंतामणराव देशमुखांनी. हयात सरकारी अंमलात घालविलेला हा सनदी अधिकारी, तेव्हाचा केंद्रीय अर्थमंत्री. बंदोबस्त म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते. मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हेही मंत्रिपद सोडण्याचे एक कारण म्हणून त्यांनी जुलै १९५६ मध्ये लोकसभेत मांडले. चौकशीने पोलिसांचे धैर्य खचते, हा अशा प्रसंगी नेहमी पुढे येणारा युक्तिवाद मला उलटाच वाटतो. चौकशी झाली असती, तर कोणती गोळी निरुपायाने सुटली आणि कोणती सुटावयास नको होती, याचा निवाडा झाला असता. ती न झाल्यामुळे ज्या शिपायाने शेवटच्या क्षणापर्यंत हात आवरला होता, त्याचे नावही इतरांच्याच दप्तरात बांधले गेले.