मीठ-साखरेच्या पाण्याची प्रतिष्ठा

औषध जितके महाग तितके गुणकारी, आणि ते देणारा हात जितका मोठा तितका भरवशाचा, ही समजूत आपल्या मनात खोलवर रुजली आहे. गरीब देशांतील आरोग्यतंत्रज्ञानाचा विचार करावयाचा तर आधी या समजुतीचाच झाडा घेतला पाहिजे. त्यासाठी १९७१ सालच्या बनगावइतके बोलके उदाहरण मला तरी दुसरे ठाऊक नाही.

बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालच्या सीमेवरील बनगावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ उसळली. रुग्णालयाच्या जमिनीवर माणसे विष्ठेत आणि ओकारीत पडलेली. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आलेले. डॉ. दिलीप महालनाबीस या बालरोगतज्ज्ञांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून ते पिंपांत भरले आणि रुग्णाला ते पाजण्याचे काम त्याच्याच आप्तांवर सोपविले. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण ४ च्या आत आले.

ग्लुकोजच्या सोबतीने मीठ व पाणी शोषून घेण्याची आतड्याची शक्ती पटकीतही शाबूत राहते, हे तोवर संशोधकांना कळले होते. १९६८ साली ढाक्यात तसे प्रयोगही झाले होते; पण ते जाणकारांच्या देखरेखीखाली. अक्षरशत्रू नातेवाइकांच्या हाती हा उपचार दिला तर काय होईल, याचा पुरावा नव्हता. मग तो हजारो निराधारांवर करण्याचा अधिकार या डॉक्टरांना होता काय?

प्रश्न सोपा नाही. गरिबांच्या असहायतेचा फायदा घेऊन त्यांच्यावर प्रयोग केल्याची उदाहरणे जगाने पाहिली आहेत, आणि 'नाइलाज होता' ही सबब प्रत्येक वेळी हाताशी असते. येथे मात्र सलाईन खरोखरच संपत होते, आणि पुराव्याची वाट पाहणे हाही एक निर्णयच ठरला असता. त्याची किंमत निर्वासितांनी प्राणांनी मोजली असती. शिवाय महालनाबीसांनी नोंदी ठेवल्या आणि १९७३ साली त्या प्रसिद्ध करून इतरांच्या तपासणीस खुल्या केल्या. माझ्या मते ते योग्य वागले.

पण त्यांचे खरे धाडस मला वेगळेच वाटते. डॉक्टरकीचा एक अधिकार त्यांनी आईच्या हाती दिला. 'लॅन्सेट'ने १९७८ साली या उपचारामागील शोधाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत होऊ शकेल असे म्हटले, तरी अनेक तज्ज्ञांना तो दुय्यम प्रतीचाच वाटत राहिला. यंत्र नाही, सुई नाही, वाटी-चमच्याने पाजावयाचे पाणी. त्याला कोण उपचार म्हणणार? (आपल्याकडेही जुलाबाने मलूल झालेल्या लेकराला घेऊन दवाखान्यात गेलेली आई 'एक सलाईन लावा ना' असेच म्हणते.) एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढ्यावर पाकीट मिळेपर्यंत वेळ निभावते, हे तिला कोणी विश्वासाने सांगितलेले नसते.

ज्ञान असे मोकळे सोडले की बाजार त्याच्या नावाला हात घालतो. ठरलेल्या प्रमाणाशी संबंध नसलेली गोड पेये आपल्या देशात 'ओआरएस' या नावाने विकली जात होती, आणि जुलाबात जादा साखर अपायच करते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या नावाच्या वापरास बंदी केली ती २०२५ साली. तोवर महालनाबीसांना जाऊन तीन वर्षे झाली होती.