घरातली चावी

नगर हवेलीतल्या सिल्वासाला खेटून असलेल्या सामरवरणीत मराठी, गुजराती, वारली, हिंदी अशा कितीतरी भाषा कानावर पडतात, आणि मुलांना चांगले इंग्रजी यावे ही ओढ या सगळ्यांना बांधणारी आहे. त्यासाठीचा रूढ मार्ग म्हणजे अवघड शब्दांच्या याद्या: डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, रोज दहा. हा मार्ग मला चुकीचा वाटतो, आणि त्याचे कारण याच मुलखाच्या इतिहासातला एक शब्द सांगतो. १७८३ मध्ये नगर हवेली आणि १७८५ मध्ये दादरा पोर्तुगिजांकडे गेले. १९५४ साली ते मुक्त झाले. भारताने तिथे जायची वाट अडवली अशी तक्रार घेऊन पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९६०च्या त्या निकालात या प्रदेशांना ‘एन्क्लेव्ह’ म्हटले आहे, म्हणजे चहूकडून दुसऱ्याच्या भूमीने वेढलेला तुकडा. पाठ केलेला हा शब्द आठवडाभरात पुसला जातो. पण त्याच्या पोटात लॅटिन ‘क्लाविस’ आहे, किल्ली. एन्क्लेव्ह म्हणजे कुलूप घातलेला. त्याच क्लाविसपासून जो पोर्तुगीज शब्द झाला, तो आपल्याकडे ‘चावी’ होऊन राहिला. हे कळले की कॉन्क्लेव्ह म्हणजे दार बंद करून भरलेली बैठक आणि क्लॅविकल, खांद्यापाशी येणारे गळ्याजवळचे हाड, म्हणजे ‘छोटी किल्ली’, हे निराळे घोकावे लागत नाही.

हा एका शब्दाचा योगायोग नव्हे. इंग्रजीचा घरगुती थर जर्मेनिक, ग्रंथातला थर मुख्यतः लॅटिन आणि ग्रीक. १०६६च्या नॉर्मन विजयाने आणि पुढे प्रबोधनकाळाने तो चढवला. म्हणून डोळा ‘आय’ पण डोळ्याविषयीचे ते ‘ऑक्युलर’, दात ‘टूथ’ पण ‘डेंटल’, आग ‘फायर’ पण ‘इग्निअस’. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपणही डोळा म्हणतो आणि नेत्रचिकित्सा, दात म्हणतो आणि दंतवैद्य. घरगुती शब्दावरून तत्सम शब्दाकडे चढायची सवय आपल्याला उपजत आहे. शिवाय संस्कृत आणि लॅटिन एकाच कुळातल्या असल्याने ‘इग्निस’ हा अग्नीचाच नातेवाईक. सह्याद्रीचा काळा कातळ अग्निजन्य, हे मराठी शाळेतले मूल भूगोलात शिकते. इंग्रज मुलाला फायरवरून इग्निअसकडे जायला वाट नाही, आपल्या मुलाला आहे. आणि ती आपण त्याला दाखवत नाही, याची मला खंत वाटते. रासेलससारखी इंग्रज लेखक जॉन्सनची लॅटिनप्रचुर कादंबरी कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर या पितापुत्रांनी मराठीत आणली. संस्कृतात मुरलेल्या घराला जॉन्सनची ती पल्लेदार शब्दकळा परकी वाटली नसावी, असे मला वाटते. अर्थात दिसण्यातले प्रत्येक साम्य खरे नसते: ‘बदनाम’मधला फारसी बद आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचे काही नाते नाही. म्हणून हवेत चालवलेला तर्क नको, व्युत्पत्ती पाहून घेण्याची शिस्त हवी.

असे शब्द हवेतच कशाला, हा आक्षेप जुना आहे. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मध्ये लेखकांना बजावले की छोटा शब्द चालत असेल तिथे मोठा वापरू नये. सल्ला रास्त आहे, पण तो लिहिणाऱ्याला आहे; वाचणाऱ्यापुढे जे येईल ते समजलेच पाहिजे. भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला तो असा: लिखित मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे व्हायला आठ ते नऊ हजार शब्दकुळे, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे यांचे गट, लागतात. ९८ टक्के ऐकायला पुष्कळ वाटतात, पण तरीही दर पन्नास शब्दांत एक अडतो, तीनशे शब्दांच्या पानावर सहा. आणि अडणारा शब्द बहुधा तोच असतो ज्यावर वाक्य उभे असते. शिवाय हा हिशेबच शब्दकुळांचा आहे, सुट्या शब्दांचा नाही.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. ज्या मुलाची घरची भाषा वारली, त्याला तत्सम मराठीही परकीच. मग ही वाट शिकल्यासवरल्या घरांचीच नाही का? बऱ्याच अंशी आहे, हे मान्य केले पाहिजे. पण यादी त्या मुलाला याहून कमी देते, आणि चावी, पगार, लिलाव हे पोर्तुगीज वाटेने आलेले शब्द काही पोथीतले नाहीत. ते बाजारात आणि कारखान्याच्या फाटकावरही चालतात. सुरुवात तिथून करता येते. त्यासाठी साधन मात्र हवे. मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात शब्द संस्कृत, फारसी की अरबी हे अक्षरखुणांनी नोंदवले. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलासाठी तसाच एक शालेय कोश व्हावा, ज्यात एन्क्लेव्हच्या नोंदीत चावी असेल आणि इग्निअसच्या नोंदीत अग्नी.