दोर धरायचा की बांधायचा?



आज वाचनात गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ४८ वा श्लोक आला. आसक्ती सोडून कर्म कर, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. हा श्लोक शाळेपासून ऐकतेय आणि माझी शंकाही तेव्हापासूनच आहे. आसक्ती सोडली तर माणूस मनापासून काम करेल कसा? आपल्या माणसाची काळजी वाटणं म्हणजेच प्रेम ना?

थोडं उत्तर गेल्या शनिवारी थेम्स नदीवर मिळालं. मी नोकरीसाठी इंग्लंडमध्ये आहे. आम्ही चौघींनी मेडनहेडहून विंडसरला जायला एक छोटी मोटरबोट दिवसभरासाठी भाड्याने घेतली होती.

निघाल्यावर थोड्याच वेळात ब्रुनेल या इंजिनिअरने बांधलेला रेल्वे पूल लागतो. १८३९ साली सुरू झालेला, विटांचा. नदीवरच्या दोन कमानी प्रत्येकी ३९ मीटर लांब, आणि इतक्या चपट्या की त्या पडणारच, असं तेव्हा अनेकांना वाटायचं. म्हणून बांधकामाच्या वेळचा खालचा लाकडी आधार तसाच ठेवायचा ठरलं. ब्रुनेलने तो ठेवला, पण म्हणतात की किंचित खाली घेऊन. कमानींचा भार त्यावर नव्हताच. पुढे वादळात ती लाकडं कोसळली, पूल उभाच राहिला. आजही त्यावरून गाड्या धावतात. मैत्रिणीने कमानीखाली ही गोष्ट सांगितली, तेव्हा मी 'भारीच!' म्हणून फोटो काढत बसले.

मग आलं ब्रे लॉक. लॉक म्हणजे नदीतली पायरीच म्हणा. थेम्सवर टेडिंग्टनपर्यंत अशी ४४ लॉक आहेत. बोट एका लांबट हौदात शिरते, मागचा दरवाजा बंद होतो आणि झडपा उघडून हौदातलं पाणी हळूहळू खालच्या अंगाला सोडतात. आतलं आणि पुढचं पाणी एका पातळीला आलं की मगच पुढचा दरवाजा उघडतो. त्याआधी कितीही जोर लावा, पाण्याचा दाब त्याला हलू देत नाही. इंजिनसुद्धा बंद ठेवायचं. आपल्याकडे काम एकच, काठावरच्या खुंट्याला दोराचा फेरा देऊन टोक हातात धरायचं.

मी मात्र पक्की गाठ मारली. बोट हलायला नको ना!

पाणी उतरू लागलं तसा दोर ताणला गेला आणि बोट एका बाजूला कलली. आमचा चहाचा थर्मास गडगडत गेला. लॉक-कीपर धावत आला, झडपा बंद केल्या, वरून थोडं पाणी आत घेतलं, तेव्हा कुठे गाठ सुटली. पाणी उतरणार होतं जेमतेम दीड मीटर. पण बांधलेली बोट तेवढ्यातही लटकून उलटू शकते. तो न रागावता म्हणाला, "दोर बांधायचा नसतो, धरायचा असतो. पाणी उतरेल तसा सोडत जा." मी विचारलं, "मग सोडूनच दिला तर?" "तर बोट शेजारच्या बोटीवर आदळेल."

मला एकदम आईची खोली आठवली.

वडील गेल्यापासून आई पुण्यात दादा-वहिनीकडे असते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी तिच्या खोलीत कॅमेरा लावून घेतला. ऑफिसातून दिवसात दहा वेळा बघायचे. औषधाला वीस मिनिटं उशीर झाला की वहिनीला मेसेज. मला वाटायचं, इतक्या लांबून मी माझं कर्तव्य करतेय. मागच्या आठवड्यात दादा म्हणाला, "तूच बघ कॅमेऱ्यातून. आम्ही कशाला हवेत मग?" मी फोन आपटला होता.

ती काळजी खोटी नव्हती. पण रोज आईचं उठवणं-बसवणं दादा-वहिनी करत होते आणि मी इथून गाठ आवळत होते. रागाच्या भरात 'जाऊ दे, आता मी काही बघणारच नाही' असंही ठरवलं होतं आणि त्याला मनातल्या मनात वैराग्य म्हणत होते. ते तर दोर फेकून देणं झालं. मला वाटतं, भगवंत मधलं अवघड काम सांगतात. हात दोरावरच ठेवायचा, पण पाण्याने कुठे थांबायचं ते आपण ठरवायचं नाही. गाठ एकदा मारली की लक्ष द्यावं लागत नाही. धरलेल्या दोराकडे मात्र क्षणभरही दुर्लक्ष चालत नाही. म्हणून आता मला अनासक्ती म्हणजे कोरडेपणा वाटत नाही.

पुढच्या बोव्हनी लॉकला मी दोर नीट धरला. तळहात ओले झाले, बोट मात्र सरळ उतरली.

रात्री दादाला फोन केला. सूचना एकही दिली नाही, फक्त विचारलं, "माझ्याकडून काय हवंय?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दिवाळीत पंधरा दिवस ये. वहिनीला माहेरी जाऊ दे." कॅमेऱ्याचं आईलाच विचारलं, जे आधीच करायला हवं होतं. ती म्हणाली, "दिवसा राहू दे गं. रात्री मात्र बंद ठेव." आता रात्री तो बंद असतो. मला अजून नीट झोप लागत नाही, हेही खरं.

आज झोपण्याआधी एकदा आपापल्या हातातला दोर तपासून बघा. तो धरलाय, की बांधलाय?

राम कृष्ण हरी.