आधी तक्रार लिहून घ्या

थरारपट पाहून आलेल्या माणसाला आपण आधी बजावतो, ‘शेवट सांगू नकोस हं!’ या धास्तीचं मला नेहमी नवल वाटतं. शेवट कळल्याबरोबर ज्याची रया जाते, तो चित्रपट मुळातच एकदा पाहून विसरायचा. म्हणून इथे मी काही शेवट बिनदिक्कत सांगणार आहे. गेल्या दहा-बारा वर्षांतले जे थरारपट आणि छोट्या जिवाचे विनोदी चित्रपट मला पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटले, ते शेजारी-शेजारी ठेवले की एक गंमत दिसते. हसवणारे असोत की घाबरवणारे, बहुतेक सगळे पोलीस चौकीच्या दारात येऊन थांबतात. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. चौकीची पायरी तर त्याच्याही आधी लागते.

खून कोणी केला, हा हेरकथेचा जुना प्रश्न. आपल्याकडे सामान्य माणसाला त्याआधीचा प्रश्न छळतो: माझं कोणी ऐकून घेईल का? आपल्या उत्तम थरारपटांची आणि उत्तम विनोदाची नाळ या एकाच प्रश्नाशी जोडलेली आहे, असं माझं मत आहे.

‘दृश्यम’ घ्या. जीतू जोसेफचा मूळ मल्याळम चित्रपट २०१३चा. निशिकांत कामतनं २०१५मध्ये तो हिंदीत गोव्यात आणला. यात खून कोणी, कसा, का केला हे आपल्याला मध्यंतराच्या आधीच ठाऊक असतं. तरी श्वास रोखला जातो, कारण मेलेला मुलगा पोलीस महानिरीक्षक बाईंचा आहे आणि समोर उभा आहे चौथीपुढे शाळा न पाहिलेला केबलवाला. खरं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. म्हणून तो पोलिसांच्या आधी स्वतःच पंचनामा रचतो. सहल खरी, तिकिटं खरी, साक्षीदार प्रामाणिक. तारीख तेवढी खोटी. आणि प्रेत पुरलेलं असतं ते बांधकाम चालू असलेल्या नव्या पोलीस ठाण्याच्या जमिनीखाली! हा शेवट माहीत असून चित्रपट पुन्हा पाहिला, तर ठाण्यातल्या प्रत्येक प्रसंगाला वेगळीच धार येते.

श्रीराम राघवनचा ‘अंधाधुन’ (२०१८) घडतो पुण्यात. आंधळेपणाचं सोंग घेतलेला आकाश पियानो वाजवतोय, त्याच्यासमोर फरशीवर घरमालकाचं प्रेत पडलंय, आणि बायको व तिचा प्रियकर ते मुकाट्यानं आवरताहेत. त्याला दिसतंय हे त्यांना माहीत नाही. तो बोटं थांबवू शकत नाही. ते आवाज करू शकत नाहीत. आवाज बंद करून पाहा, हा प्रसंग मूकपटातल्या धांदलीसारखा हसवेल. सुरू करा, घाम फुटेल. पण मला त्याहून भेदक वाटतो तो पुढचा प्रसंग. आकाश तक्रार द्यायला चौकीत जातो आणि पाहतो तर खुनी तिथलाच साहेब! आणलेली फिर्याद त्याला तोंडातल्या तोंडात गिळावी लागते.

आता विनोदाकडे वळू. दिलीश पोत्तनच्या ‘तोंडिमुतलुम दृक्साक्षियुम’मध्ये (२०१७) चोर बसमध्ये सोनसाखळी पळवतो आणि गिळून टाकतो. मुद्देमाल चोराच्या पोटात, आणि अख्खी चौकी तो बाहेर पडण्याची वाट पाहत बसलेली. त्यात चोर आपलं नाव सांगतो ‘प्रसाद’, म्हणजे फिर्यादी बाईच्या नवऱ्याचंच! काही पोलीस खऱ्या पोलिसांनीच रंगवले आहेत, म्हणून त्यांच्या कंटाळ्यालाही अस्सल वास आहे. निथिलन सामिनाथनच्या तमिळ ‘महाराजा’त (२०२४) एक न्हावी आपली कचऱ्याची पेटी चोरीला गेल्याची तक्रार घेऊन येतो. पोलीस त्याची टर उडवतात, आपणही हसतो. खरी जखम कळते तेव्हा ते हसू घशात अडकतं.

‘कटहल’मध्ये (२०२३) आमदाराच्या बागेतले दोन फणस चोरीला जातात आणि सगळं पोलीस खातं कामाला लागतं. माळ्याची मुलगी बेपत्ता असते, तिच्यासाठी मात्र कोणाला सवड नाही. मग इन्स्पेक्टर महिमा युक्ती काढते: फणस त्या मुलीनंच चोरले असा संशय घ्यायचा, म्हणजे फणसाच्या निमित्तानं तरी तिचा शोध होईल. व्यवस्थेवर इतकं नेमकं बोट ठेवणारं वळण अलीकडच्या थरारपटांत मला आढळलेलं नाही.

किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’मध्ये (२०२४) दीपक हरवलेल्या बायकोचा फोटो ठाण्यात दाखवतो. फोटोत तिचा चेहरा पदराआड! एका फोटोत विनोद, तपास आणि टीका तिन्ही सामावली आहेत. बायकोऐवजी चुकून त्याच्यासोबत आलेली दुसरी नवरी, जया, खरंच ठग आहे का, हा संशयही थरारपटाच्या शिस्तीत पेरला आहे. तक्रार आहे ती शेवटाविषयी. लाचखाऊ इन्स्पेक्टर ऐनवेळी देवमाणूस होतो आणि आपण टाळ्या वाजवत बाहेर पडतो. त्या दिवशी त्याची मर्जी फिरली नसती तर? विनोदी चित्रपट गोड होण्याच्या नादात चौकीला फार स्वस्तात सोडतात.

थरारपटांचं दुखणं उलटं आहे. एक धक्का पुरत नाही म्हणून त्यावर दुसरा, तिसरा. आणि त्यात माणसं उरत नाहीत. त्याला अपवाद दिंजित अय्यत्तनचा मल्याळम ‘किष्किंधा कांडम’ (२०२४). निवडणुकीपायी परवान्याचं पिस्तूल जमा करायचा हुकूम येतो आणि निवृत्त लष्करी म्हाताऱ्याचं पिस्तूल सापडत नाही. त्याची स्मृती जातेय. तो स्वतःच तपास करतो, उत्तरापर्यंत पोचतो आणि विसरतो. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रहस्य उलगडूनही ओझं हलकं होत नाही, असा हा तपास.

मराठीत परेश मोकाशींच्या ‘वाळवी’नं (२०२३) हसू आणि खून एकाच ताटात वाढले. बायकोला संपवून ती आत्महत्या भासवायची, असा नवरा आणि प्रेयसीचा बेत. तो उभाच आहे एका विश्वासावर: सुखवस्तू घरातलं, त्यात मानसोपचार चालू असलेलं माणूस गेलं, तर खोदून कोणी विचारणार नाही. केबलवाल्याला जे कष्टानं रचावं लागतं, ते यांना जन्मजात मिळालेलं आहे. पुढे त्यांची जी त्रेधा उडते ती पाहताना म्हणूनच मनसोक्त हसता येतं.

हवालदाराला हसणं आपल्याला नवं नाही. वगातला कोतवाल काय, दादा कोंडकेंचा ‘पांडू हवालदार’ (१९७५) काय, वर्दीची टोपी उडवण्याची परवानगी लोकरंगभूमीनं केव्हाच दिली आहे. मधल्या काळात ‘सिंघम’छाप साहेबांनी पडदा व्यापला आणि टेबलाच्या अलीकडचा माणूस दिसेनासा झाला. अदखलपात्र गुन्ह्याची पावती हातात घेऊन बाकावर बसलेली बाई, ‘साहेब राउंडला गेलेत’ म्हणणारा ठाणे अंमलदार, हद्दीवरून दोन चौक्यांत टोलवली जाणारी तक्रार: तालुक्याच्या कोणत्याही गावात हे साहित्य फुकट पडून आहे. त्यासाठी तारे लागत नाहीत, परदेशी स्थळं लागत नाहीत. लागतो तो त्या बाकावर तासभर बसून राहण्याचा धीर. मराठी लेखक-दिग्दर्शकांनी तो दाखवला, तर शेवट आधी कळला तरी मी तिकीट काढून जाईन.