बंदर केव्हा सोडावे?

बंदर म्हणजे आसरा, असे आपण सहज धरून चालतो. आमच्या वाचकांपैकी देशावरील पुष्कळांनी समुद्र पाहिला नसेल. तथापि वादळ आले म्हणजे गुरे गोठ्यात व तारू बंदरात, एवढे कोणासही कळते. परंतु उघड्या समुद्रात वादळ लागले तर तारवास पळावयास जागा तरी असते. बंदरात पाठीशी खडक, शेजारी दुसरी तारवे. आणि वारा समुद्राकडून बंदराच्या तोंडात शिरू लागला म्हणजे तोच आसरा सापळा होतो. अशा वेळी नांगर धरून राहावे, की साखळी सोडून बाहेर पडावे? हा प्रश्न केवळ खलाशांचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

पॅसिफिक महासागरात सामोआ नावाची बेटे आहेत. त्यांतील उपोलू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर अपिया हे लहानसे बंदर. त्याच्या दोन्ही बाजूंस पोवळ्यांचे खडक आहेत व तोंड उत्तरेस उघडे आहे. मार्च १८८९ मध्ये ह्या चिंचोळ्या जागेत सात लढाऊ जहाजे दाटीने उभी होती. ‘ट्रेंटन’, ‘व्हँडेलिया’ व ‘निप्सिक’ ही अमेरिकेची. ‘ओल्गा’, ‘आडलर’ व ‘एबर’ ही जर्मनीची. आणि ‘कॅलिओपी’ हे एकटे इंग्रजांचे. बेटाचा राजा कोणी व्हावे ह्याविषयी तेथील लोकांत यादवी चालली होती, आणि ह्या परक्या सत्तांनी त्या तंट्यात आपापले हात घातले होते. जर्मन अधिकारी एका पक्षाच्या पाठीशी होते. अमेरिकनांचा ओढा दुसऱ्याकडे होता. सातही जहाजे एकमेकांवर नजर ठेवून बसली होती.

मार्चच्या १५ तारखेस वायुभारमापकातील पारा उतरला. वादळाचा हंगाम सरत आला आहे, आता मोठे भय नाही, असे तेथील काही अनुभवी लोकांचे मत होते, हे कप्तानांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. मागाहून शहाणपण सांगणे सोपे असते. तथापि जहाजे बाहेर गेली नाहीत ह्याचे दुसरेही कारण त्या काळापासून सांगण्यात येते, व ते आम्हांस खरे वाटते. जो आधी निघेल तो प्रतिपक्षास मैदान मोकळे करून देईल! पहिला कोणी निघेना, म्हणून कोणीच निघाले नाही.

रात्री तुफान उठले. वारा उत्तरेकडून थेट बंदरात घुसला. डोलकाठ्यांचे वरचे भाग आधीच उतरवून ठेवले होते व बॉयलर पेटविले होते. असल्या प्रसंगी यंत्र पुढे चालवून नांगराच्या साखळीवरील ताण हलका करतात. म्हणजे जहाज जागेवरच राहते, पण सारी रात्र कोळसा जाळून केवळ जागेवर राहण्यासाठी झगडते. काळोखात नांगर सरकू लागले व जहाजे एकमेकांवर आदळू लागली. पहाटे ‘एबर’ खडकावर आपटून बुडाले. त्यावरील फारच थोडे वाचले. ‘आडलर’ लाटेने उचलून खडकाच्या माथ्यावर आडवे टाकले.

येथे क्षणभर थांबू. त्या जहाजांच्या तळाशी भट्टीत कोळसा टाकणारी जी माणसे होती, त्यांस बंदरात राहावे की जावे असे कोणी विचारले होते काय? पाटील-पाटलांचा बांधावरून तंटा लागतो. आधी मागे सरेल तो हलका, अशी दोघांची समजूत असते. जमीन पडीक राहते, सावकार घरी येतो, आणि उपास कोणास पडतात? ज्यांनी तो तंटा मांडलाच नाही त्या लेकरांस. असा मनुष्य आपल्या हट्टास निश्चय म्हणतो. दोहोंचे बाह्य रूप एकच असल्यामुळे त्याची स्वतःचीही फसवणूक होते. आम्ही त्यास एवढेच विचारू की, बाबा, तू कोणासाठी उभा आहेस ते सांग. ज्याला कोणासाठी हे सांगता येत नाही, कोणाविरुद्ध एवढेच सांगता येते, त्याने आपल्या नांगराचा तळ एकदा तपासून पाहावा.

सकाळी ‘कॅलिओपी’च्या मागे खडक अगदी जवळ आला होता व पुढे ‘व्हँडेलिया’ होते. कप्तान केन ह्याने साखळी सोडली व यंत्राचा सारा जोर लावून जहाज समुद्राकडे घातले. एऱ्हवी तासाला चौदा-पंधरा मैल जाणारे ते जहाज त्या वाऱ्यात पावलापावलाने सरकत होते. मागे राहिलेल्यांस त्याने टाकून दिले, असे म्हणता येईल काय? आम्हांस तसे वाटत नाही. तो राहता तर कोणाचाही जीव वाचला नसता. उलट त्याचे जहाज दुसऱ्यावर कोसळते. निघण्यात भ्याडपणा नव्हता. पण हेही ध्यानात ठेवावे की, आदल्या दुपारी जे सातांसही साधण्याजोगे होते, ते सकाळी एकट्या बळकट यंत्राच्या जहाजासच साधले.

बंदराच्या तोंडाशी ‘ट्रेंटन’ होते. त्याचे सुकाणू मोडले होते. आत पाणी शिरून भट्ट्या विझल्या होत्या. ‘कॅलिओपी’ त्याच्या अगदी जवळून बाहेर निसटले, तेव्हा ‘ट्रेंटन’वरील शेकडो खलाशांनी मोठ्याने जयघोष केला. आपले जहाज खडकाकडे जात आहे हे त्यांस ठाऊक होते. आदल्या दिवशी कोणी आधी निघू नये म्हणून सारे टपून होते. आज निघणाऱ्याचा जयघोष! आपली विहीर आटली असता शेजाऱ्याच्या विहिरीस पाणी लागलेले पाहून आनंद मानणे किती कठीण, हे खेड्यात राहणाऱ्यास सांगावयास नको. ‘ट्रेंटन’ पुढे वाहत जाऊन बुडालेल्या ‘व्हँडेलिया’स लागले, व त्याच्या डोलकाठ्यांस धरून राहिलेल्या पुष्कळांस त्यावर उतरता आले. बंदरातील एकूण सुमारे दीडशे माणसे मेली.

आणि सामोअन लोक? डिसेंबर १८८८ मध्ये, म्हणजे तीनच महिन्यांपूर्वी, मताफा ह्या सरदाराचे लोक व जर्मन शिपाई ह्यांची लढाई होऊन दोन्हीकडचे लोक पडले होते. त्याच मताफाचे लोक आता हातांत हात गुंफून साखळी करून फेसाळ लाटांत उतरले, आणि अमेरिकन हाती लागला तर अमेरिकन, जर्मन लागला तर जर्मन, असे ओढून काठावर आणू लागले. ह्या बेटांत शुभवर्तमान १८३० मध्ये पोहोचले होते. परंतु बुडत्यास हात देण्याची बुद्धी त्यांस केवळ तेव्हापासूनच झाली असे आम्ही म्हणणार नाही. समुद्राकाठचा मनुष्य ती आईपासूनच शिकतो. ज्यांच्या घरात परक्यांनी तंटा वाढविला त्यांसच त्या रात्री कोणाशी हट्ट धरावयाचा नव्हता, एवढे मात्र खरे.

त्याच वर्षी बर्लिन येथे तिन्ही सत्तांनी बसून करार केला. तो दहा वर्षे टिकला. १८९९ मध्ये जर्मनी व अमेरिका ह्यांनी ती बेटे आपसांत वाटून घेतली. सामोअन लोकांचे मत कोणी घेतले नाही. ‘आडलर’चा लोखंडी सांगाडा त्यानंतरही कित्येक वर्षे अपियाच्या खडकावर गंजत पडलेला होता.