नावाचे ऋण

न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे, ही व्याख्या फार जुनी आहे. परंतु जे देणे पैशाचे नसून केवळ नावाचे आहे, ते बुडाले तर अन्याय होतो काय? आणि बुडवणाऱ्याच्या मनात काहीच वावगे नसेल तर?

विद्वानांच्या जगात हा प्रश्न रोजचा आहे. आपला विचार कोणाच्या आधारे उभा आहे, हे संशोधक तळटीपांत नोंदवतो. वरवर पाहता ही एक औपचारिकता. पण नेमणुका व बढत्या देताना अशा उल्लेखांची संख्या पाहिली जाते, आणि ज्याचा उल्लेख होतो तेच पुढची पिढी वाचते.

आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासात हे देणे कसे फेडले जाते, हे मॅलिनियाक, पॉवर्स व बार्बरा वॉल्टर ह्यांनी २०१३ साली तपासले. १९८० ते २००६ ह्या काळात प्रमुख संशोधनपत्रिकांत आलेले लेख त्यांनी पाहिले. विषय, पद्धती, पत्रिका, वर्ष हे सारे जमेस धरूनही स्त्रियांच्या लेखांचा उल्लेख कमी झालेला आढळला. त्यांनी दोन कारणे सुचवली: स्त्रिया स्वतःच्या पूर्वीच्या लेखनाचा दाखला कमी देतात, आणि संख्येने अधिक असलेले पुरुष बहुधा पुरुषांचाच दाखला देतात. ज्या विनयाचे आपण कौतुक करतो, त्याचीच किंमत स्त्रीला मोजावी लागते, असा ह्याचा अर्थ.

मर्झ टेट ह्यांचे उदाहरण घ्यावे. ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन विदुषीने १९४१ साली रॅडक्लिफमधून डॉक्टरेट मिळवली. निःशस्त्रीकरणाच्या चळवळीवरील त्यांचा ग्रंथ १९४२ साली निघाला. १९५०-५१ मध्ये त्यांनी शांतिनिकेतनातही अध्यापन केले. तरीही ह्या विद्याशाखेच्या रूढ इतिहासांत अनेक दशके त्यांना स्थान नव्हते. अलीकडे, विशेषतः २०२३ साली बार्बरा सॅव्हेज ह्यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे, त्यांचे कार्य पुन्हा उजेडात आले.

कोणी म्हणेल, उल्लेख गुणावर व्हावा, स्त्री-पुरुष मोजून नव्हे. हे आम्हांस मान्य आहे. मात्र गुण नाही असे म्हणण्यापूर्वी ते लेखन वाचलेले असले पाहिजे. न वाचता वगळणे ही गुणाची पारख नव्हे. ती केवळ सवय होय.

सवयीमागे दुष्ट हेतू नसतो, हे खरे. पण येथे दोन गोष्टी वेगळ्या करावयास हव्यात. अपराध हेतूवर ठरतो, ऋण हेतूवर ठरत नाही. शेजाऱ्याची वस्तू आपल्या घरी विसरून राहिली तर आपण चोर होत नाही. पण ध्यानात आल्यावरही ती परत केली नाही, तर मात्र दोष आपला. २०१३ नंतर ही बाब ध्यानात आली नव्हती असे ह्या क्षेत्रातील कोणासही म्हणता येणार नाही.

म्हणून आपल्यापैकी जे विद्यापीठांत शिकवतात त्यांना आम्ही एवढेच सुचवू: विद्यार्थ्यांस वाचनाची यादी देण्यापूर्वी ती एकदा तपासावी, आणि जे नाव नाही ते का नाही, हे स्वतःस विचारावे.